वाटेत ते काय खात होते?

"तुम्ही आत्ता ज्या जमिनीवर उभे आहात, ती बांधली आहे डोळ्यांना न दिसणाऱ्या मजुरांनी."

बंदरदर्शन पॉईंटवर मी रोज या वाक्याने सुरुवात करायचे. पर्यटक पायाखाली बघायचे, मुलं उड्या मारून बघायची. मग मी कठड्यापलीकडे हात करायचे. सड्याच्या, म्हणजे कोकणातल्या कातळपठाराच्या, कड्यावरून खाली सगळं एका नजरेत दिसायचं. समुद्रात शिरलेला लाटारोधक बांधाचा लांब हात, पिवळ्या क्रेन, कापून सपाट केलेला डोंगर. आणि डाव्या हाताला, कंपनीच्या कुंपणाबाहेर, हिरवी चिंचोळी पट्टी. ते माझं गाव, आंबरवेळ. गावाबद्दल बोलायचं माझ्या संहितेत नव्हतं.

त्या दिवशी मी जिवाणूंपर्यंत पोचले होते, तेवढ्यात प्रमिलाआते गर्दीतून वाट काढत आली. डोक्यावर गोणपाटाचं बोचकं. तिने ते माझ्यासमोरच्या काचेच्या टेबलावर, बंदराचा नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावर आदळलं.

"ऋजू, ह्या काय ता सांग."

बोचक्यात दगड होता. करडा, खरबरीत, नारळाएवढा. त्यातून एक जबडा बाहेर आला होता. मोरीचा, म्हणजे शार्क माशाचा. दातांच्या रांगा शाबूत होत्या आणि दातांच्या फटीतसुद्धा दगड भरलेला होता.

"जीवाश्म आहे का?" एका पर्यटकाने विचारलं. "मॅडम, हा प्रदर्शनातला आहे?"

"होय, होय," आते त्याला म्हणाली. "तिकीट काढलंस मां? मगे बघ नीट." मग माझ्याकडे वळली. "शिमग्यात मी ही मोरी माडाच्या आळ्यात घातलेली. आज कुदळ मारली तर कुदळीचो दांडो मोडलो. माती खय गेली माझी?"

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. बाबा ट्रॉलरवर, महिन्यातले वीस दिवस समुद्रात. मला वाढवलं ते आतेने, त्याच माडांच्या खाली. त्या आळ्यांमधली माती मला माहीत होती. काळी, मऊ, वासाने नाक फुटेल अशी.

"आणि बावडीक वास येता," ती म्हणाली. "पाणी हातभर खाली गेला. माड बोंडं टाकतत. तू शिकलंस मां ह्याच? मगे सांग."

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, ह्याच. म्हणूनच कंपनीने मला घेतलं होतं.

कंपनीची पद्धत तशी सुंदर होती. आजही मला ती सुंदर वाटते, आणि त्याचाही राग येतो. कोकणातला सडा जांभ्या दगडाचा. जांभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो. पाऊस पितो आणि वर्षभर झऱ्यांमधून थोडा थोडा सोडत राहतो. अशा दगडावर बंदराची अवजड यार्डं उभी करायची तर तो आधी भरीव करायला हवा. सिमेंट ओतण्याऐवजी कंपनीने जमिनीत जिवाणू सोडले, सोबत युरिया आणि कॅल्शियमही. हे जिवाणू युरिया खातात. युरिया फुटला की अमोनिया आणि कार्बोनेट तयार होतं. कार्बोनेटला कॅल्शियम भेटलं की चुनखडी. गीझरच्या नळीत जे पांढरं किटण धरतं, तेच. मातीच्या कणाकणांमध्ये ते किटण धरतं आणि काही आठवड्यांत मातीचा दगड होतो. आग नाही, धूर नाही, भट्टी नाही.

आणि ते पसरू नयेत म्हणून एक साधी युक्ती होती. इतर जिवाणू उपासमारीत बीजाणू करून वर्षानुवर्षं पडून राहतात. यांच्यातलं ते जनुकच काढून टाकलं होतं. युरिया मिळाला नाही की दोन दिवसांत मेले. "खाणं बंद, काम बंद," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे. लोक हसायचे.

मी तो दगड कंपनीच्या प्रयोगशाळेत नेला. कंपनीच्या प्रत्येक जिवाणूत ओळखीची एक जनुकीय खूण असते. दगडात ती सापडली. मग प्रश्न उरला, गावात त्यांना युरिया कुठला? भाताला घालतात तो युरिया अजून पडला नव्हता.

उत्तर त्या जबड्यातच होतं. शार्क आणि वागळी हे मासे समुद्राच्या खारटपणाशी जुळवून घ्यायला आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतात. म्हणून मोरी जरा शिळी झाली की तिला उग्र दर्प येतो. आमच्याकडे बाजारात न खपलेली मोरी, वागळीची शेपटं, डोकी, आतडी माडाच्या आळ्यात जातात. वर तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या, शिंपा टाकतात. म्हणजे युरिया आणि कॅल्शियम दोन्ही. जगात क्वचितच कुणी असं ताट वाढून ठेवलं असेल.

मला आनंद झाला. खरंच झाला. असं नेमकं उत्तर हाताला लागलं की होतोच. मी दोन पानी टिपण लिहिलं आणि प्रकल्पाचे संपर्क प्रमुख सौमित्र सर यांना पाठवलं. शेवटी लिहिलं की सड्यात जिवाणू सोडायचं इंजेक्शन ताबडतोब थांबवावं आणि आंबरवेळला नळाचं पाणी द्यावं.

"ब्रिलियंट, ऋजुता," सर फोनवर म्हणाले. "एकदम क्लिअर आहे."

पुढच्या आठवड्यात पॉईंटवर नवीन फलक लागला. चित्रात एक काष्टा घातलेली बाई माडाखाली माशाचं डोकं फेकत होती. खाली हसणारे हिरवे जिवाणू, हातात काटे-चमचे. 'स्थानिक सवयींमुळे जिवाणूंना बाहेर खाद्य मिळालं. चला, जबाबदार होऊया!' फलकाशेजारची दुर्बीण आतेच्या बागेवर रोखून पक्की करून ठेवली होती. लोक रांगेने डोळा लावायचे आणि झुकलेले माड बघून च्‌च्‌ करायचे. एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "बघ, अशिक्षितपणा."

त्याच दिवशी ग्रामपंचायतीला पत्र गेलं. नुकसानीचं कारण स्थानिक असल्याने पाण्याची जोडणी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. खाडीपलीकडच्या सड्यावर दुसरा टप्पा ठरल्याप्रमाणे सुरू होईल. त्याआधी परवाना समिती पाहणीला येईल.

संध्याकाळी मी गावात गेले तेव्हा आते दत्तारामकाकांच्या बावडीवरून परत येत होती. कळशी रिकामी होती.

"दिल्यान नाय," ती म्हणाली.

दत्तारामकाका दारातच उभे होते. आमचे शेजारी, बाबांचे जुने खलाशी. "कित्याक देऊ?" ते मला बघून मोठ्याने म्हणाले. "तिच्या मोरीन माती दगड झाली. उद्या माझी बावडी बंद झाली तर मी काय समुद्राचा पाणी पिऊ?"

"तू काय गुलाब घालतंस माडाक?" आते मागे न बघता ओरडली. "गेल्या वर्साची वागळी कोणी नेल्यान माझ्याकडसून? टोपली अजून तुझ्याकडे आसा!"

"तुझीच बाग पयली गेली! कंपनीन लिवल्यान तसा. तुझ्याच भाचीन सांगल्यान तेंका!"

आते थांबली. कळशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं.

"तू सांगलंस?"

"आते, मी फक्त कारण शोधलं होतं. मी पाणी द्या असंही..."

"खरा काय ता सांग. माझ्या मासळीन झाला?"

मला खोटं बोलता येत नव्हतं. "जिवाणू वाढले ते मासळीवर."

"म्हणजे होय." तिने कळशी उचलली. "पयला तेंका सांगलंस. मगे माका."

दार तिने आपटलं नाही. हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी मी सौमित्र सरांच्या खोलीत दार न वाजवता शिरले.

"फलक काढा."

"बस आधी. कॉफी?"

"माझ्या आतेचं चित्र काढलंय तुम्ही."

"कुणाचंच चित्र नाही ते. इलस्ट्रेशन आहे." त्यांनी माझं टिपण पडद्यावर आणलं. "हे तुझं वाक्य. 'बागेतील जिवाणूंची वाढ मासळीच्या खतावर झाली.' एक शब्द तरी बदललाय का आम्ही? खोटं आहे का हे?"

"नाही."

"मग चिडतेस कशावर?"

त्यांनी शब्द बदलला असता तर बरं झालं असतं. मी ओरडू शकले असते. त्यांनी माझं खरं वाक्य घेतलं होतं आणि ते माझ्याच माणसाच्या डोक्यात घातलं होतं.

"पाणी द्या असंही लिहिलं होतं मी."

"ती शिफारस झाली. शिफारशी आम्ही करतो." ते उठले, माझ्या खांद्यावर थोपटायला हात पुढे केला, मी मागे सरकले. "हे बघ, तू हुशार आहेस. समितीसमोर हेच, असंच, स्वच्छ सांगायचं. पुढच्या टप्प्यात प्रयोगशाळेत घेतो तुला. सायंटिस्ट म्हणून."

मी बाहेर आले आणि कठड्याशी उभी राहिले. रागात माणसाला विचार करता येत नाही असं लोक म्हणतात. माझं उलटं होतं. समोर उत्तरेला इंजेक्शनच्या विहिरींची जाळी दिसत होती, लाल झेंड्यांची. डावीकडे, पार खाली, आतेची बाग. मी पुन्हा पुन्हा एकाकडून दुसरीकडे बघत होते. जांभ्यातून पाणी झिरपतं, धावत नाही. जाळीपासून बागेपर्यंत यायला त्याला उन्हाळ्यात कित्येक आठवडे लागणार. आणि उपाशी जिवाणू दोन दिवसांत मरतो.

मग मासळीपर्यंत पोचेपर्यंत ते काय खात होते?

मी स्वतःलाच शिवी दिली. जिथे मेजवानी झाली तिथलं ताट मी तपासलं होतं. पाहुणे तिथवर आले कसे, हे विचारलंच नव्हतं. आणि माझ्या अर्धवट उत्तरावर कंपनीने पूर्णविराम देऊन टाकला होता.

रविवारी मी बाबांची पहार घेतली आणि बागेतून वर चढायला लागले. दोन-दोन पावलांवर जमिनीत पहार मारायची. सच्छिद्र जांभा ठप्प असा बोदा आवाज देतो. जिवाणूंनी भरलेला जांभा टणत्कार करतो, हाताला झिणझिण्या येतात. बागेच्या वरच्या दगडी गडग्यापाशीच टण् वाजलं. मग त्याच्या वर, मग आणखी वर. दगड झालेला पट्टा पायवाटेएवढा अरुंद होता. दोन्ही बाजूंना ठप्प, मध्ये टण्. जमिनीखालच्या पाण्याची ती वाट होती, आता बुजलेली.

मला वाटलं, वाट उत्तरेला, लाल झेंड्यांकडे वळेल. ती दक्षिणेला वळली. करवंदीच्या जाळ्यांतून, काजूंच्या मागून, चढत चढत थेट पॉईंटच्या पाठीमागे आली आणि एका सिमेंटच्या झाकणापाशी संपली.

ते पॉईंटच्या शौचालयाच्या शोषखड्ड्याचं झाकण होतं.

मी तिथे जमिनीवर बसले आणि एकटीच हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

माणसाच्या लघवीत पाण्याखालोखाल सगळ्यात जास्त काय असतं? युरिया. पॉईंटला दिवसभर बसगाड्या येतात. घाटातली वळणं संपवून माणसं उतरतात ती आधी तिथेच धावतात. त्यांचं सगळं त्या खड्ड्यात, आणि खड्ड्यातून स्पंजासारख्या जांभ्यात. कॅल्शियम तर कंपनीने सड्याला आधीच भरपूर पाजलं होतं. आणि जिवाणू कुठून आले? पॉईंटच्या पायातून. पर्यटकांना चमत्कार दाखवता यावा म्हणून ही जमीन मुद्दाम जिवाणूंनी बांधली होती. मी रोज अभिमानाने सांगत होते तेच. ज्यांनी पाया बांधला त्यांनी शौचालय बांधलं नव्हतं, ते दुसऱ्या कंत्राटदाराचं. दोघांनी एकमेकांचे नकाशे बघितले नव्हते.

खड्ड्याशेजारचा नमुना मी तपासला. तिथे जिवाणू बागेतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त होते. मग मी कंपनीचं 'बाह्य खाद्यस्रोतांचं' मॉडेल उघडलं. त्यात आंबरवेळचा प्रत्येक गोठा होता. प्रत्येक भातखाचर, प्रत्येक शेणकी, गावातलं प्रत्येक शौचालय, अगदी शाळेतली मुतारीसुद्धा, अक्षांश-रेखांशासकट. गावाची घाण त्यांनी इतक्या बारकाईने मोजली होती. स्वतःची मात्र आहे हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

यावेळी मी टिपण लिहिलं नाही. सरळ आतेकडे गेले. तिने दार उघडलं नाही, पण खिडकी उघडी होती. मी खिडकीतून सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या बावडीत..." ती म्हणाली आणि थांबली.

"होय."

"मी त्या पाण्यात भात शिजयलंय, ऋजू."

परवाना समिती बुधवारी आली. दोन गाड्या, सात माणसं. जनसुनावणी पॉईंटच्या मांडवातच ठेवली होती. समितीला काम दिसावं म्हणून तसं ठरवलं, असं सर म्हणाले. गावकरी आधीच येऊन बसले होते. दत्तारामकाका पहिल्या रांगेत. आते मांडवाबाहेर, एकटी, खांबाला टेकून.

समितीचे अध्यक्ष डॉ. भाटवडेकर निवृत्त भूशास्त्रज्ञ होते. सत्तरीचे, स्थूल, घाटाने हैराण झालेले. गाडीतून उतरताच त्यांनी सरांचा पुष्पगुच्छ बगलेत मारला.

"आधी जरा... हे कुठे आहे?"

"या ना सर, इकडे. पंचतारांकित आहे आमचं," सर म्हणाले. चालता चालता सांगायला लागले, "गेल्या वर्षी नऊ लाख पर्यटकांनी भेट दिली, सर. राज्यात दुसरा क्रमांक."

शौचालयाच्या दाराला कुलूप होतं. दारासमोर मी होते. किल्ली माझ्या मुठीत होती.

"ऋजुता, काय हे? उघड."

"उघडते. आधी पाच मिनिटं ऐकायचं."

"सुनावणीत बोल काय ते."

"सुनावणीत तुम्ही मला दोन मिनिटं दिली आहेत, तीही मासळीवर." मी अध्यक्षांकडे वळले. "सर, जिवाणू गावात मासळीवर वाढले. हे मीच शोधलं आणि ते खरं आहे. पण उपाशी जिवाणू दोन दिवसांत मरतात असं कंपनी म्हणते. मग इथून गावापर्यंतच्या आठवड्यांच्या प्रवासात ते काय खात होते, हे तुम्ही त्यांना विचाराल का?"

डॉ. भाटवडेकरांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. त्यांना घाई होती. पण ते भूशास्त्रज्ञ होते आणि प्रश्न चांगला होता.

"काय खात होते?" त्यांनी सौमित्र सरांना विचारलं.

"सर, ते टेक्निकल टीम..."

"ह्या दारामागे जे होतं, ते," मी म्हटलं. "शोषखड्डा इथे आहे. पाया जिवाणूंचा आहे. इथून दगडाचा पट्टा निघतो आणि थेट बागेत उतरतो. पहार घ्या आणि वाजवून बघा. तुम्हाला जांभा मी सांगायला नको."

मांडवातली माणसं उठून जवळ आली होती. कुणीतरी मागच्यांना मालवणीत समजावत होतं, आणि तसतशी कुजबूज चढत होती.

"नऊ लाख," अध्यक्ष स्वतःशी म्हणाले. हिशेब करताना त्यांचे ओठ हलत होते. मग सरांना म्हणाले, "तुमच्या मॉडेलमध्ये हे शौचालय होतं?"

"सर, हे पर्यटन विभागात येतं, प्रकल्पात नाही."

"होतं का नव्हतं?"

"...नव्हतं."

"पण मासळी तर आहेच ना," सर घाईघाईने म्हणाले. "त्या लोकांनी मासळी टाकली नसती तर..."

"पिढ्यान्‌पिढ्या टाकतायत!" माझा आवाज फाटला. "मोरी होती, माड होते, माती मातीच होती. नवीन काय आलं? तुम्ही आलात! वर मुतलात आणि वरच फलक लावलात की खालची बाई घाणेरडी!"

डॉ. भाटवडेकरांच्या कपाळावर घाम होता. त्यांची अडचण आता सगळ्यांनाच दिसत होती.

"बाळ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तपास होईल. मी शब्द देतो. पण आत्ता मात्र उघड."

"ज्यांच्या विहिरीत जाणार आहे, त्यांना विचारा."

त्यांनी माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं. आते खांब सोडून पुढे आली. गर्दी बाजूला झाली. दत्तारामकाकाही.

"जावा," आते त्यांना म्हणाली. "नऊ लाखांचा गेला, तुमचा एकट्याचा कित्याक अडवू? जावा."

डॉ. भाटवडेकरांनी मान खाली घातली. मग गाडीकडे निघाले. "खाली हॉटेल होतं एक," ते ड्रायव्हरला म्हणाले. "चल लवकर. आणि परत येताना पहार आण."

गाडी गेली. सौमित्र सर माझ्याजवळ आले. इतक्या जवळ, की त्यांच्या अत्तराचा वास आला. "उद्यापासून येऊ नकोस. किल्ली दे."

मी द्यायच्या आधी आतेने माझी मूठ उघडली. किल्ली घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि शौचालयाच्या पायरीवर बसली, दाराला पाठ लावून. दत्तारामकाका पुढे झाले. "प्रमिला, उठ. चल घराक. माझ्या बावडीचा पाणी..."

"तुझी बावडी तू सांभाळ," ती म्हणाली. "तुझ्या अंगणात पहार मारून बघ आधी, टण् वाजता काय." मग तिने माझा हात धरून मला शेजारी खाली ओढलं.

घाटातून दोन बसगाड्या वर आल्या. दारं उघडली, माणसं उतरली आणि नेहमीप्रमाणे आमच्या दिशेने धावत आली. आम्हाला बघून थबकली.

"बाई, हे किती वेळ चालणार?" सरांनी आतेला विचारलं. आवाज गोड ठेवायचा प्रयत्न करत होते.

"माझ्या बावडीत परत बरा पाणी येतला त्या दिवशी उघडतलंय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "हिला समजाव. सांग तिला, कधी येईल."

मी विचार केला. मला अंदाजे आकडा माहीत होता.

"चुनखडी पावसाच्या पाण्यात विरघळते, सर," मी म्हटलं. "पण सावकाश. काही हजार वर्षं धरा."